नगरची दमट हवा

कोल्हार बुद्रुक,
६ जुलै २०२५

चि. सुकन्या हिस अनेक आशीर्वाद.

ट, खा, टक्.

हा आवाज तुझ्या कंपनीच्या एकशे अठ्ठ्याण्णव पानांत कुठेही नाही. किल्ली आत गेली की ‘ट’, पाती उचलली गेली की ‘खा’, आणि खटका आपल्या घरात बसला की ‘टक्’. एक लघु, दोन गुरू. सातवीत गुरुजींनी आम्हाला टाळ्या वाजवायला लावून गण शिकवले होते, ‘यमाता’. चार कुलुपं ओळीनं तपासली की भुजंगप्रयाताचा एक चरण पुरा होई. नगरच्या एमआयडीसीत एकवीस वर्षं मी कानस चालवली ती या चालीवर. बाहेर उन्हानं पत्रे तडकत, आणि आत चाळीस माणसं नकळत एक कविता म्हणत असत. अजून सकाळी जाग येताना ती कानात असते.

असो. तू पाठवलेला इतिहासाचा मसुदा वाचला. म्हणजे सूनबाईनं, धनश्रीनं, सेतू केंद्रातून छापून आणला आणि मी तीन दुपारी तो सोसला.

‘वेस्टरहाल आणि पुत्र : विश्वासाची दीडशे वर्षं’. तिसऱ्या पानावर मूळपुरुष आउगुस्ट वेस्टरहाल. मिशा अशा की त्यांना कडीकोयंडा टांगावा. हा गृहस्थ खेड्यातला लोहार होता, नाल मारायचा आणि बिजागऱ्या ठोकायचा. त्याला लोहार म्हणायला तुमच्या लेखकाला लाज वाटली, म्हणून तो ‘धातुशिल्पातला द्रष्टा’ झाला. पुढे मुलगे, नातू, पितळी मुठी, राजवाड्याच्या दारांच्या कड्या. आणि मग एकोणीसशे एकोणचाळीस ते पंचेचाळीस, सहा वर्षांना मिळून एक वाक्य : ‘या काळात मागणीचं स्वरूप बदललं.’ कोणाची मागणी, कुठल्या दारांची कुलुपं, दाराच्या आत कोण होतं आणि किल्ली कोणाच्या खिशात होती, अक्षर नाही. पुढच्या ओळीत लगेच नवीन गोदामाचं उद्घाटन. वा!

पण ते तुमचं तुम्ही बघा. माझं भांडण पान एकशे चाळीसशी आहे. नगरच्या कारखान्याला तुम्ही दीड पान दिलंत, त्यातही हे : ‘१९८७ मध्ये उष्ण कटिबंधातील दमट हवेमुळे मास्टर गेज गंजले व काही तांत्रिक तक्रारी उद्भवल्या.’

नगरला दमट हवा! अगं, इथे सकाळी घातलेला पापड दुपारी मोडतो. तू सोनईची मुलगी. शेजारच्या गावात चौकटींना दारं नाहीत आणि तू सातासमुद्रापार जाऊन कुलपं विकतेस, ही गंमत मी समजू शकतो. पण आपल्याकडची हवा विसरलीस?

ते वाक्य काढून टाक. आणि नोव्हेंबरात नगरला माझा सत्कार आहे म्हणतेस, त्या शालीत दुसऱ्या कोणाला तरी गुंडाळा.

तुझा मामाआजोबा,
राधाकृष्ण

ता. क. धनश्री म्हणते, आजीच्या भावानं नातीला असं लिहू नये. मी म्हटलं, याहून गोड लिहिणारे कंपनीनं पगारी ठेवलेत.


हाइडेनराथ, जर्मनी
१९ जुलै २०२५

प्रिय आजोबा,
सा. न.

पत्राचे फोटो धनश्रीमामीनं पाठवले. दोन पानांवर चहाचा डाग आहे, तो तुमच्या रागाचा की मामीच्या घाईचा?

पगारी गोड लिहिणारी मीच आहे. तो दीड पानाचा मजकूर मी मिळवला म्हणून आला, आधी नगरला अर्धी ओळ होती. मिशांबद्दल तुमचं बरोबर आहे. त्या सहा वर्षांबद्दलही बरोबर आहे. मी बैठकीत विचारलं होतं. सगळ्यांनी कॉफीत साखर ढवळली, आणि इथे साखर कोणीच घेत नाही.

पण दमट हवेचं वाक्य मी मनानं लिहिलेलं नाही. ग्रूबर नावाचे जर्मन मास्टर तेव्हा नगरला होते ना? त्यांनी सही केलेला अहवाल इथल्या दप्तरात आहे. त्यात एकच कारण दिलंय, दमटपणा. त्याला नगरच्या मॅनेजरचं पत्र जोडलंय : ‘गेज कोरडे ठेवण्याची जबाबदारी गेज-रूमचे पुंजाराम यांची होती. त्यांना कामावरून कमी केले आहे.’

आजोबा, मला एक सांगा. तुम्ही गेल्या वर्षी मला फोनवर कारखान्यातली माणसं सांगितली होती. कोण शीळ घालायचा, कोणाच्या डब्यात कायम शेंगदाण्याची चटणी असायची, गहिनीनाथ वॉचमन बसल्या बसल्या कसा झोपायचा. मी सगळी नावं लिहून ठेवली आहेत, एकतीस आहेत. त्यांत पुंजाराम नाही. तो कोण?

पुस्तक दहा सप्टेंबरला छपाईला जाईल. वाक्य काढायचं तर त्या जागी काय घालायचं ते सांगा. नुसतं ‘नगरला दमट नसतं’ म्हणून चालणार नाही.

तुमची,
सुकन्या


कोल्हार बुद्रुक,
३ ऑगस्ट २०२५

चि. सुकन्या,
आशीर्वाद.

तुमच्या साहेबांना साखर ढवळता येते, हे वाचून कारखान्याचं पुढे कसं झालं याचा उलगडा झाला. ज्यांना गोड लागत नाही त्यांनीच चमचा फिरवायचा, ही जुनी रीत आहे.

तू विचारलंस म्हणून त्या तक्रारी काय होत्या ते सांगतो. पुस्तकात ‘तांत्रिक’ म्हटलंय. मराठवाड्यातल्या एका सरकारी वसाहतीला आपली साडेतीनशे कुलपं गेली, दारात बसवायची, सात पात्यांची. महिन्याभरात बोभाटा झाला. एक इंजिनियरीणबाई बाजारातून आल्या, आपल्या किल्लीनं दार उघडून आत गेल्या, तर आत दुसऱ्याचाच संसार पिठलं-भाकरी खात बसलेला! मजला चुकला होता, किल्ली मात्र लागली. मग सगळ्या वसाहतीनं खेळ केला. कोणाचीही किल्ली कोणाच्याही दाराला. साडेतीनशे घरं आणि सगळ्यांचं दार सगळ्यांना उघडं. विश्वासाची दीडशे वर्षं ती हीच.

कारण सोपं होतं. मास्टर गेज म्हणजे पोलादाचा हातभर ठोकळा, त्याला एक खाच. पाती त्या खाचेत सुईसारखी सरकली की पास, नाहीतर पुन्हा कानस. खाच केसभर अरुंद झाली की आम्ही पाती केसभर जास्त कानसणार, पात्या सैल होणार, आणि सैल पातीला कोणतीही किल्ली आपली वाटते.

ती खेप भट्टीत वितळवली. एक कुलूप मी उचलून आणलं, ते आजही माझ्या दाराला आहे. धनश्रीच्या शाळेच्या कपाटाच्या किल्लीनंसुद्धा उघडतं. ती म्हणते, दादा, बदला. मी बदलत नाही.

बाकी इथे ठीक. साखर कारखाना सुरू व्हायला अजून अवकाश आहे, म्हणून रस्ता मोकळा आहे. एकदा उसाच्या बैलगाड्या लागल्या की दारात बसायची सोय राहत नाही. पाथर्डीकडची माणसं, बैल आपल्या ओट्याला बांधतात, वर आपल्याकडेच परक्यासारखं बघतात. त्या काळात मी खिडकी लावून कविता आठवत बसतो.

पुंजाराम गेज-रूमला होता. बरा माणूस होता. सगळीच नावं कशी लक्षात राहतील? ते वाक्य राहू दे. एखाद्या वर्षी असेलही नगरला दमट.

राधाकृष्ण


हाइडेनराथ,
२४ ऑगस्ट २०२५

आजोबा,

मागच्या पत्रात तुम्ही नगरची हवा चार आठवड्यांत बदललीत. वेधशाळेलाही जमत नाही.

म्हणून मी पुन्हा दप्तरात गेले. ग्रूबरसाहेब वारले, त्यांच्या मुलीनं त्यांच्या खिशातल्या वह्या कंपनीला दिल्या होत्या. आजवर कोणी उघडल्या नव्हत्या. १९८७ ची वही हिरवी आहे. मला जमलं तसं मराठी करते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी : ‘आज हत्यारांचा सण. यंत्रं बंद. राधाकृष्ण ओल्या कुंकवाची वाटी घेऊन फिरतो. लेथला ठिपका, कानशीला ठिपका, माझ्या कपाळाला ठिपका. मास्टर गेजलाही. खोबरं फार चांगलं.’

पुढे दोन महिन्यांनी : ‘भिंग लावून गेज पाहिलं. खाचेत लाल थर, वाळून दगड झालेला. हे खरं लिहिलं तर हाइडेनराथहून सण बंद करण्याचा हुकूम येईल, आणि तिथले डायरेक्टर म्हणतील, बघा, यांच्या हातात अचूक काम देऊ नये. चाळीस माणसांचं काम जाईल. मी लिहिलं : दमटपणा. हवेला नोकरीवरून काढता येत नाही.’

शेवटची नोंद नाताळच्या आधीची आहे. ‘मॅनेजरनं पुंजारामला काढलं. हवेचा मालक शोधला त्यांनी. मी गप्प बसलो. आता बोललो तर खोटा ठरतो.’

आजोबा, ज्या वाक्याला तुम्ही एवढं हसलात ते त्यांनी तुम्हाला झाकायला लिहिलं होतं. आणि त्याच वाक्यानं पुंजारामला घालवलं.

तुम्हाला हे ठाऊक होतं का? दहा तारखेच्या आत लिहा.

सुकन्या


कोल्हार बुद्रुक,
१ सप्टेंबर २०२५

सुकन्या,

ग्रूबरचं मला ठाऊक नव्हतं. अडतीस वर्षं मी त्या माणसाला बिनडोक गोरा समजत आलो, ज्याला कुंकू आणि गंज यांतला फरक कळला नाही. ते त्याला कळलं होतं. कळलं नाही असं दाखवायची अक्कलही होती. माझ्याकडे दुसरी होती.

कुंकू मी लावलं. सांगतो कसं ते. खंडेनवमीला सगळी हत्यारं पुसून पांढऱ्या फडक्यावर मांडली होती. प्रत्येकाला आपापलं कपाळ असतं. लेथला त्याचं डोकं, हातोडीला तिचं तोंड. पण गेजला कपाळ कुठे? चौकोनी ठोकळा तो. मला वाटलं, जिथे पाती नमते ती खाच, तेच याचं कपाळ. अंगठा कुंकवात बुडवला आणि खाचेत दाबला, चांगला भरून. कविताप्रेमी माणूस ना मी! उपमा सुचली. साडेतीनशे घरांची दारं त्या एका उपमेनं उघडी पडली.

आता खरं ऐक. मला चूक कळली ती तक्रार आल्यावर नाही. आठवड्याच्या आत कळली. कुलपं ‘ट, खा, ट’ वाजायला लागली. शेवटचा गुरू लघु झाला. यमाताचं जभान. सबंध कारखान्यात वृत्ताचा कान असलेला मी एकटा, आणि मी रोज चुकलेले चरण ऐकत होतो. जाऊन खाच बघावी, एवढंच करायचं होतं. बघितली असती तर माझा अंगठा दिसला असता. मी स्वतःला म्हणालो, ऑक्टोबरच्या उन्हानं तेल पातळ झालं असेल. म्हणजे बघ, हवेवर ढकलण्याची कल्पना ग्रूबरच्या आधी माझी.

पुंजारामला काढलं त्या दिवशी त्यानं गेज तेलाच्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. कारण गेज-रूम मला मिळाली होती. तो म्हणाला, ‘फिटर, संबाळा.’ मी ‘हो’ म्हणालो. त्याच्या घरी तान्ही मुलगी होती, बायको दगडाबाई बाळंतीण होती. नंतर कळलं, तो कोयता घेऊन ऊसतोडीला गेला. गेज-रूममध्ये कूलर होता. मी कूलरखाली बसून चौदा वर्षं पाठ केलेल्या कविता म्हटल्या.

आता पुस्तकात छाप. माझ्या नावानिशी : गेजमध्ये कुंकू राधाकृष्ण फिटरनं भरलं, पुंजाराम निर्दोष होता. दोन ओळी. त्या मिशीवाल्याच्या एका फोटोइतकीही जागा लागणार नाही.

राधाकृष्ण


हाइडेनराथ,
१२ सप्टेंबर २०२५

प्रिय आजोबा,

नाही म्हणाले. वकिलांचं म्हणणं, धार्मिक विषयाला हात लावू नका. जाहिरातवाल्यांचं म्हणणं, ज्या कंपनीचं कुलूप शेजाऱ्याच्या किल्लीनं उघडलं तिच्या इतिहासात ते लिहायचं कशाला. मी दोन दिवस भांडले. परवा पुस्तक गेलं. ‘दमट हवा’ तशीच आहे.

सत्कार आठ नोव्हेंबरला, नगरला. दहा वाजता गाडी तुमच्या दारात येईल. तुमच्या नावाखाली छापलंय, ‘गेजचे रखवालदार’. मी थांबवू शकले नाही.

आता रागवा, पण लिहिते. तुम्हाला कबुली द्यायची होती जर्मनीत छापलेल्या पुस्तकात, जे पुंजारामआजोबांच्या वाडीत कोणी उघडणारही नाही. कोल्हारहून पाथर्डीला एसटीनं अर्धा दिवस लागतो. अडतीस वर्षांत किती अर्धे दिवस झाले?

जुन्या हजेरीपटात त्यांचा पत्ता आहे : बोरीची वाडी, ता. पाथर्डी. ते आहेत की नाहीत, मला माहीत नाही.

सुकन्या


कोल्हार बुद्रुक,
५ ऑक्टोबर २०२५

पुंजाराम यास,

मी राधाकृष्ण फिटर, वेस्टरहालचा. हे पत्र तुझ्या हाती पडेल की नाही कोण जाणे.

परवा दसरा झाला. सुनेनं सालाबादप्रमाणे दाराच्या कुलपाला कुंकू लावलं आणि मला पत्र लिहायचं सुचलं असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. तीन आठवडे कागद पुढे घेऊन बसलो आहे.

सत्त्याऐंशी साली गेज गंजलं नव्हतं. खाचेत मी कुंकू दाबलं होतं. मला लवकरच कळलं होतं. मी बोललो नाही. तू गेलास आणि तुझ्या खुर्चीवर मी बसलो.

तुझी माफी मागायला वाडीवर येऊ का? सांगशील त्या दिवशी येईन.

राधाकृष्ण


बोरीची वाडी, ता. पाथर्डी
१८ आक्टोबर २०२५

फिटरसाहेब, नमस्कार.

पत्र पोचलं. नात सृष्टी लिहिती, मी सांगतो. ती म्हनती नीट भाषेत लिहिते. मी म्हनलं न्हाई, हाय तसं लिव्ह, नीट भाषेचा मानूस तिकडं हाय.

मी जिता हाय. तुमाला शंका हुती, म्हनून पयलं ते.

कुकवाचं तुमी आज सांगता. मला त्याच सांजंला ठावं हुतं. गेज कपाटात कोन ठेवायचं? मीच. खाच लालभडक दिसली. पुसाया फडकं घेतलं, आन हात थांबला. खंडेनवमीचं कुकू, पुसायचं आसतं का? सवाष्णीचं कपाळ पुसल्यावानी. घरात दगडाबाईचे दिवस भरत आल्ते. मी म्हनलं, न्हाई पुसनार. रोज सगळ्या गेजला तेलाचं फडकं मारायचो, कुकवाच्या कडंकडंनं. तुमी यकदाच लावलं, मी दोन म्हैने राखलं. मंग गुन्हा निम्मा माजा झाला का न्हाई? म्हनून मी सायबाफुडं तोंड उघडलं न्हाई. कुकू म्हनलं आसतं तर तुमी गेला आसता, आन तुमच्यामागं सनबी गेला आसता.

मी निघताना सायबानं त्याच खेपंतलं यक कुलूप माज्या हातात दिलं. म्हनला, हे घे, तुजं काम. घराच्या दाराला बशिवलंय. चावी करगोट्याला हाय. आमच्यात चोरायला काय हाय? पन लावतो.

राग कुकवाचा न्हाई फिटर. राग याचा, का तुमी आला न्हाईत. पोरगी झाली, तुमी आला न्हाईत. मी पयल्यांदा कोयता घेतला, हात फुटले, तुमी आला न्हाईत. मंग मीच येऊ लागलो. पस्तीस सालं झाली, तुमच्याच गावच्या साखर कारखान्याच्या पट्ट्यात तोड आसती आमची. तुमच्याच दारावरनं गाडी जाती. मागल्या साली चाक आडकलं, म्हनून तुमच्या ओट्याला बैल बांधला. तुमी भाईर आला, चष्मा पुसला, मला म्हनला, “ए, गाडी बाजूला घे.” मी घेतली. वळखता का ते बगत हुतो. कवितेचं मानूस, लांबचं दिसतं, दारातलं न्हाई.

आता माफी मागाया वाडीवर येऊ नका. दगडाबाई म्हनती, आला तर पानी पाजीन पन तांब्या फेकून मारीन. आन आमी वाडीवर नसनारबी. यक तारखंपास्नं तोड हाय. पोरगा आन सून तोडत्यात, मी कोपीवर, पाचटाच्या खोपटापाशी, बैल राखतो.

शाल घेनार म्हनं तुमी आठ तारखंला. तोडीच्या मुकादमानं पेपरात वाचून दावलं, फोटू हाय तुमचा. घ्या. नारळबी घ्या. फोडताना कुकू लांब ठेवा.

पुंजाराम
(सांगितलं तसं लिहिलं आहे. सृष्टी)


कोल्हार बुद्रुक,
८ नोव्हेंबर २०२५, सकाळी साडेनऊ

चि. सुकन्या,

पुंजारामच्या पत्राची नक्कल सोबत ठेवतो. तुमच्या एकशे अठ्ठ्याण्णव पानांपेक्षा हे दीड पान जड आहे. वाचून झाल्यावर आउगुस्टच्या मिशांखाली लाव.

मी त्याला ओळखलं नाही. ‘ए’ म्हणालो. ज्या माणसाची आठवण नको म्हणून एकतीस नावांतून त्याला गाळलं, तो दर साली माझ्या खिडकीखालून जात होता, आणि मी खिडकी लावून आत कविता आठवत होतो. त्या कवितांचाही आता वीट आलाय. एकीनंही मला उठवून दारापर्यंत नेलं नाही. त्यांचा काय दोष म्हणा. गुरुजींनी टाळ्या वाजवायला शिकवलं, दार वाजवायला नव्हे.

खरं काय केलं ते सांगतो. तोड सुरू झाल्यापासून दोनदा कोप्यांपर्यंत गेलो. पहिल्यांदा ओढ्याच्या अलीकडून परत आलो. दुसऱ्यांदा दिसला. बैलाच्या पाठीवरून पोत्याचा बोळा फिरवत होता, डोक्यापासून शेपटीपर्यंत, तसाच, गेजला तेल लावायचा तसाच. मी झाडामागे उभा राहिलो आणि घरी येऊन धनश्रीला सांगितलं की फिरायला गेलो होतो. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस झाडामागे! तुमच्या कंपनीनं सत्काराला माणूस अगदी योग्य निवडला.

आज गाडी येईल. मी ठरवलंय, नगरला जायचं नाही. ड्रायव्हरला सांगणार, कोप्यांवर घे. चालत गेलो की पाय परत फिरतात. गाडीचे तरी फिरणार नाहीत. तिथे उतरायचं आणि त्याच्या तोंडासमोर बोलायचं. दगडाबाईनं तांब्या मारला तर मारला.

धनश्री शाळेत गेली. दार आतून किल्लीनं लावून खिडकीशी लिहीत बसलो आहे. अंगात नवा सदरा आहे, तो टोचतो.

दारात पाऊल वाजलं. ड्रायव्हर वेळेआधी आला. थांब.

ड्रायव्हर नाही.

उठता येत नाही म्हणून लिहितो आहे. खिडकीच्या फटीतून दिसतं तेवढं. पुंजाराम आहे. धोतर गुडघ्याच्या वर, पायाला कोपीवरचा चिखल. हाक मारत नाही, दार वाजवत नाही. दाराच्या कुलपाकडे बघतो आहे, पूर्वी बघायचा तसं, मान तिरकी करून. दसऱ्याचं कुंकू अजून तिथं आहे, महिन्याचं, वाळून कडक झालेलं.

त्यानं धोतराचा सोगा घेतला. जिभेनं ओला केला. कुंकू पुसतो आहे. घाईनं नाही. आधी वरचं, मग सोग्याला पीळ देऊन भोकाच्या कडेचं, मग फुंकर. अडतीस वर्षांपूर्वी ज्या हाताला हे जमलं नाही तो हात.

आता कमरेशी चाचपतो आहे. करगोट्याची किल्ली. त्याच्या घराची. ती माझ्या दाराला लावतो आहे.

ट, खा, ट.

चुकलेलं. मुळीच वृत्तात नाही. पण दार उघडलं आहे आणि तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा आहे. म्हणतो आहे, “फिटर, उगडलंय. आता तरी भाईर या.”